पेटीची किंमत आणि सुराचे मोल

ज्या वाद्याला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली आपल्या स्टुडिओचे दार बंद केले, त्याच वाद्याच्या जुन्या परदेशी नमुन्यांना आज सर्वाधिक भाव यावा, हा आपल्या संगीतव्यवहारातील एक गमतीदार विरोधाभास आहे. हार्मोनियम परकी आहे, तिचे सूर जागच्या जागी खिळलेले आहेत, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद ती पुसून टाकते, असे तेव्हाचे आक्षेप होते. साथीपुरती का होईना ही बंदी सैल होण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्रातील मैफली, नाटके आणि कीर्तने या परक्या पेटीवाचून अडत होती, ही गोष्ट निराळी. आज मात्र जुन्या वाद्यांच्या व्यवहारात 'पॅरिसची पेटी' किंवा 'जर्मन सुरांची पेटी' हे शब्द आपण जुन्या पैठणीबद्दल बोलावे तशा आदराने उच्चारले जातात. परकेपणा हा जिचा दोष होता, त्या पेटीचे परकेपण हेच आज तिच्या किमतीचे कारण झाले आहे. वाद्य तेच, त्याचा आवाजही तोच. बदलली ती आपली नजर. मग ही किंमत नेमकी कशाची, आणि ती रास्त आहे काय?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आमच्या भजनी मंडळाच्या निमित्ताने. पिंपळे गुरव हे पवनेकाठचे गाव आता पिंपरी-चिंचवडच्या विस्तारात पुरते मिसळून गेले आहे. शेते जाऊन इमारती उभ्या राहिल्या. गावात निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह झाले. तरी एकादशीचे भजन आणि कार्तिकातली काकडआरती टिकून आहे. मंडळात मूळचे गावकरी आहेत, तसेच कारखान्यांतील नोकरीसाठी सातारा, सांगली, लातूरकडून येऊन इथलेच झालेले लोक आहेत. मंडळाची पेटी पहिल्या पिढीने वर्गणी काढून पुण्यातून आणलेली. तेव्हाही ती जुनीच होती. आतल्या बाजूला फ्रेंच अक्षरांचा एक अस्पष्ट शिक्का आहे, त्याकडे कुणी कधी लक्ष दिले नव्हते. जुन्या वाद्यांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांचे मात्र गेले आणि त्यांनी सव्वा लाख रुपये देऊ केले. तेवढ्यात चांगल्यापैकी नव्या तीन पेट्या सहज येतात. शनिवारी मंडळात सात-आठ मुले पेटी शिकायला येतात आणि एकाच पेटीपुढे आळीपाळीने बसतात. प्रश्न साधा होता, पण उत्तर कुणाला देता येईना. मी मराठी शिकवते, म्हणून जुन्या वस्तूंविषयी मला काही कळत असावे असा मंडळाचा समज. तेव्हा बैठकीला मलाही बोलावले.

बैठकीत सर्वांत मार्मिक प्रश्न विचारला तो एका निवृत्त काकांनी. त्यांची तीस वर्षे मोटारींच्या कारखान्यातील टूलरूममध्ये गेली. ते म्हणाले, "मॅडम, कारखान्यात नवीन मशीन आलं की पहिल्या वर्षापासून हिशेबात त्याची किंमत उतरायला लागते. पेटी म्हणजे मशीनच ना? मग हिची किंमत वर चढते कशी?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला आनंद व्हावा असा हा प्रश्न. त्याला तिथे कुणाकडे तयार उत्तर नव्हते. नंतर विचार करताना मला असे वाटू लागले की जुन्या वाद्याच्या किमतीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: एक त्याचे काम, दुसरी त्याची टंचाई आणि तिसरी त्याच्याभोवतीची आख्यायिका. या तिन्हींची किंमत एकाच आकड्यात सांगितली जाते, म्हणून आपला गोंधळ उडतो.

आधी कामाविषयी. पेटीचा आवाज पितळेच्या पातळ पट्टीच्या कंपनातून येतो. वादक आणि कारागीर या पट्टीलाच 'सूर' म्हणतात. जुन्या पॅरिस आणि जर्मन सुरांच्या पितळेची प्रत व बसवणुकीची बारकाई चांगली होती, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. हलका भाता दिला तरी सूर चटकन बोलतो, आणि आवाजाला एक गोलाई येते. पण हा सूर चिरंजीव नसतो. तो उतरला की कारागीर पट्टीच्या टोकाकडे किंचित घासतो, म्हणजे स्वर चढतो. चढला असेल तर मुळाकडे घासतो, म्हणजे उतरतो. प्रत्येक वेळी धातू थोडा झिजतो. पेटी सुरात आणायची म्हणजे तिचे आयुष्य कणाकणाने खर्च करायचे. हे मी सांगितले तेव्हा टूलरूमवाले काका लगेच म्हणाले, "पितळ थकतंच. वाकवून वाकवून पत्रा तुटतो तसं." अर्थात, निव्वळ कामाच्या हिशेबाने पाहिले तर पेटीलाही घसारा आहे. तिच्या आत तो दर सुरावणीगणिक नोंदला जातो.

इथे जगातील सर्वांत महागड्या जुन्या वाद्यांचे उदाहरण घेण्याचा मोह आवरत नाही. इटलीतील क्रेमोना गावच्या अँटोनिओ स्ट्राडिव्हारीने (मृत्यू १७३७) घडवलेल्या व्हायोलिनची किंमत कोटींत सांगितली जाते. त्यांच्या आवाजाचे गूढ लाकडात आहे, वार्निशात आहे की त्या काळच्या हवामानात, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून त्यांच्या हाती तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिन दिली. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारीची होती. बहुतेकांनी नव्यांना पसंती दिली, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीला. २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामांकित एकल वादकांना घेऊन, बारा वाद्यांवर, अधिक काटेकोरपणे हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही दहांपैकी सहांची पहिली निवड नवे व्हायोलिन ही ठरली. या प्रयोगांना मर्यादा आहेत. वाद्याशी वादकाचे नाते तासा-दोन तासांत जुळत नाही, आणि थोड्या वाद्यांवरून सर्व वाद्यांविषयी निर्णय देता येत नाही. तरी एवढे खरे की नुसत्या कानाने वय ओळखता येते, हा समज टिकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळची वाटेल. आज वाजणारी बहुतेक स्ट्राडिव्हारी व्हायोलिन त्याने घडवली तशी राहिलेलीच नाहीत. स्वर चढे झाले, तारांचा ताण वाढला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्या माना बदलल्या, आतल्या पट्ट्या बदलल्या. आपण ज्याला अस्सल म्हणतो ते वाद्य अनेक हातांनी संस्कारित केलेले असते. आपण वाचतो त्या ज्ञानेश्वरीमागे एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेली पाठशुद्धी उभी आहे, तसेच हे. पाठशुद्धी झाली म्हणून ग्रंथाचे मोल कमी होत नाही. परंतु त्या मोलात शुद्धी करणाराही वाटेकरी असतो, हे आपण मान्य करतो. वाद्यांच्या बाबतीत ते मान्य केले जात नाही.

दुसरी गोष्ट टंचाईची. महायुद्धे आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे परदेशी सुरांचा ओघ आटला. गुजरातेत पालिताण्याला सूर घडवण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला आणि आज देशभरच्या पेट्यांत तिथले सूर बसतात. पॅरिसचे सूर मात्र आता नव्याने होणे नाही. हस्तिदंती नक्षीच्या जुन्या सतारीचेही तसेच. हस्तिदंताचा व्यापारच कायद्याने बंद झाल्यामुळे तसे वाद्य पुन्हा घडणार नाही. जी वस्तू वाढू शकत नाही तिची किंमत चढते, हे आमच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही. पिंपळे गुरवमध्ये ज्यांची गुंठा-दोन गुंठे जमीन होती, त्यांनी ती न नांगरता तिचा भाव चढताना पाहिला आहे. काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे: पेटी कामापुरती यंत्र आहे आणि बाजारापुरती जमीन. यंत्र झिजते, जमीन चढते. मात्र जमिनीच्या चढलेल्या भावाला आपण जमिनीची गुणवत्ता म्हणत नाही. वाद्याच्या बाबतीत तसे म्हणतो.

टंचाई कायमची असतेच असेही नाही. मराठी संगीत रंगभूमीचे ऑर्गन हे याचे चांगले उदाहरण. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात परदेशातून आलेल्या ऑर्गनने, म्हणजे पायपेटीने, नाट्यपदांच्या साथीला जो भरदारपणा दिला तो आजही ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येतो. पुढे पाश्चात्त्य देशांत या वाद्याचे उत्पादन जवळजवळ थांबले. आपल्याकडे उरलेल्या थोड्या पायपेट्या देवघरातल्या मूर्तीसारख्या जपल्या जाऊ लागल्या. ही गोष्ट इथेच संपायची, पण राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे एका कारागिराने जुनी पायपेटी उघडून, अभ्यासून, पुन्हा नव्याने घडवली. अशा नव्या पायपेटीकडे वळताना आपल्याला जुनीचा भाव आठवतो आणि आपण घासाघीस करतो. टंचाई निर्माण होते ती पुष्कळदा कारागीर संपल्यामुळे. आणि टंचाईचा भाव मात्र कारागिराखेरीज सगळ्यांना मिळतो.

तिसरी गोष्ट आख्यायिकेची, आणि इथे साहित्याच्या माणसाने थोडे सावध असावे. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मूळ कलाकृतीभोवतीच्या ज्या वलयाविषयी लिहिले, ते आपण वर्गात शिकवतो. अमुक बुवांच्या मैफलीत वाजलेला तंबोरा, अमुक नटाच्या कंपनीची पेटी, असे म्हटले की वस्तूला चरित्र प्राप्त होते. या चरित्राला काही किंमत नसावी असे मी म्हणणार नाही. गोविंदराव टेंबे यांची बोटे ज्या पेटीवर फिरली असतील ती मला पाहायला मिळाली तर मी चप्पल काढूनच जवळ जाईन. पण वलयाची किंमत जसजशी वाढते तसतसे वाद्य वाजेनासे होते. 'लेडी ब्लंट' नावाचे १७२१ सालचे स्ट्राडिव्हारी व्हायोलिन १९७१ साली लिलावात ८४ हजार पौंडांना गेले, आणि २०११ साली जपानमधील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी पुन्हा विकले गेले तेव्हा त्याला सुमारे ९८ लाख पौंड आले. एवढी किंमत येण्याचे एक प्रमुख कारण असे सांगतात की ते फारसे वाजवले गेलेले नाही, म्हणून नव्यासारखे राहिले आहे. वाद्याचा सर्वांत मोठा गुण न वाजणे हा ठरावा, यापुढे आणखी काय बोलायचे? न उलगडलेल्या पानांची पहिली आवृत्ती संग्राहकाला अधिक मोलाची वाटते, त्यातलाच हा प्रकार. पुस्तक निदान मिटलेले राहिले तरी शब्द आत शाबूत असतात. तंबोरा मिटून ठेवता येत नाही.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर मिरजेला गेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली. संस्थानचा आश्रय मिळाला आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हात यांतून मिरजेचा तंबोरा घडतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेतच आयुष्याचा उत्तरकाळ घालवलेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) गायक म्हणून थोर होतेच, पण वाद्याची डागडुजी आणि जवारी स्वतःच्या हाताने करण्यातही ते वाकबगार होते.

ही जवारी म्हणजे किमतीच्या प्रश्नाची किल्ली आहे असे मला वाटते. तंबोऱ्याची तार घोडीच्या ज्या पृष्ठभागावरून जाते, तो सपाट नसतो. त्याला नजरेला न दिसणारा उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच टेकते-सुटते आणि त्यातून स्वराभोवतीच्या असंख्य स्वरांची झालर उमटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून ती झालर खुलवतात. तार घोडीला घासून घासून चर पाडते, जवारी बंद होते, आणि मग कारागीर कानस घेऊन तो उतार पुन्हा घडवतो. वाजत्या तंबोऱ्याला हे वारंवार करावे लागते. जुन्या भोपळ्यात आणि वाळलेल्या लाकडात गुण असतो यात शंका नाही. जुने लाकूड ऋतुमानाने कमी हलते, वाद्य सुरात अधिक टिकते. पण शंभर वर्षांच्या तंबोऱ्यातून आज सकाळी जो नाद उठतो, त्यातला फार मोठा वाटा गेल्या काही महिन्यांत कुणीतरी कानसेने घडवलेला असतो. तंबोरा जुना असतो. त्याचा नाद कधीच जुना नसतो. आणि या माणसाच्या मजुरीचा आकडा जुन्या तंबोऱ्याच्या किमतीशेजारी मांडून पाहावा. मांडताना संकोच वाटेल.

मंडळाच्या पेटीत नेमके हेच घडले. व्यापाऱ्याशी अधिक बोलणे झाल्यावर कळले की त्यांना पेटी नकोच होती. आतले सूर काढून ते नव्या खोक्यात बसवायचे आणि ती पेटी गिऱ्हाइकाला विकायची, असा त्यांचा बेत होता. उरलेले लाकूड, भाता आणि पट्ट्या भंगारात. यात बेकायदा काही नाही, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण जुन्या सचित्र ग्रंथांतील चित्रे फाडून सुटी विकणारे लोक आठवले. सव्वा लाख ही पेटीची किंमत नव्हती; तीतल्या काही तोळे पितळेची होती. मी माझे मत सांगितले: पेटी एखाद्या वाजवणाऱ्याला जाणार असेल, तर मुलांसाठी ती विकण्यात मला काही पाप दिसत नाही, पण मोडण्यासाठी देऊ नये. काकांनी पुस्ती जोडली, "चालू मशीन स्पेअर पार्टसाठी कुणी उघडत नाही." थोड्या मतांच्या फरकाने पेटी ठेवण्याचे ठरले. मग तिची दुरुस्ती करून घ्यायची म्हणून एका वयस्क कारागिराला बोलावले. भात्याचे कातडे, दोन मुके सूर आणि संपूर्ण सुरावणी मिळून त्यांनी सहा हजार सांगितले. सव्वा लाखाचा आकडा आदराने ऐकून घेणारी तीच मंडळी सहा हजारांवर अडून बसली. "एवढं काय काम आहे त्यात? जरा घासायचं तर आहे," असे एक जण म्हणाले. शेवटी काकांनीच त्यांना गप्प केले. कशाला 'जरा घासणे' म्हणतात हे टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक होते. मुलांसाठी वर्गणीतून एक साधी, वापरलेली पेटी घेतली. अजून एक हवी आहे.

आमच्या गावाच्या नावात 'गुरव' हा शब्द आहे. गुरव म्हणजे शिवालयाचा पुजारी, आणि अनेक गावांत देवापुढचा वाजंत्रीही. संबळ, सनई, चौघडा, मृदंग ही वाद्ये त्याच्या हातात असत. जुन्या गावगाड्यात त्याच्या वाद्याला बाजारभाव नव्हता. वर्षभर वाजवले म्हणून सुगीला धान्य मिळे. त्या बलुतेदारीत जातीचे जोखड होते, आणि तिचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही. तरी त्या हिशेबातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: मोल वाजण्याला होते. वाद्य मुके पडले की त्याचे मोलही थांबे.

न वाजणाऱ्या जुन्या वाद्यांचे काय करायचे, याचे एक सुंदर उत्तर पुण्यात आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंत तऱ्हतऱ्हेची जुनी वाद्ये आहेत. दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारलेला हा सारा संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तिथली वाद्ये वाजत नाहीत, परंतु कुणालाही ती जवळून पाहता येतात, आणि नव्या कारागिराला त्यांच्यापासून शिकता येते. काचेआड गेलेल्या वाद्याचे मौन सार्वजनिक असेल तर ते सुसह्य होते. खासगी तिजोरीतले मौन कुणाच्याच कामाचे नाही.

तेव्हा जुन्या वाद्यांची मोठी किंमत रास्त आहे काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे: वाद्य वाजत असेल, वाजवणाऱ्याच्या हाती जात असेल आणि ते वाजते ठेवणाऱ्याला त्या किमतीच्या प्रमाणात मोबदला मिळत असेल, तर ती द्यावी, थोडी अधिकही द्यावी. नुसत्या वयाला दिलेला पैसा मात्र जमिनीच्या भावासारखा आहे; त्याने सूर लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी मिरजेला तंबोरा घ्यायला जाईल तेव्हा त्याला एवढेच सांगावेसे वाटते, की नव्या तंबोऱ्यावर घासाघीस करू नकोस, आणि तो घडवणाऱ्याचे नाव विचारून वहीत लिहून ठेव. शंभर वर्षांनी ते वाद्य जुने होईल, तेव्हा त्या नावाची गरज पडेल.